परतायचंय का?

५ जुलै

प्रिय आई,

पाकीट बघून तू आधी घाबरणार हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा पहिलं वाक्य हे: कुणी आजारी नाही, मावशी ठणठणीत आहे, काकांचा पाय बरा झाला. आता आरामात बस आणि पुढचं वाच.

तू म्हणशील, फोन असताना ही पत्रांची थेरं कशाला? अगं, फोनवर आपलं होतं काय? तू विचारतेस, जेवलीस का. मी म्हणते, जेवले, तू? मागून मावशी ओरडते, तिला तब्येत विचार. तू म्हणतेस, मस्त. मग तू सांभाळतेस ती म्हातारी तुला हाक मारते आणि फोन बंद. दर रविवारी हेच. एवढ्यावर संशोधन होत नाही.

हो, संशोधन! हसू नकोस. आमच्या आशियाई अभ्यास विभागातून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना डिसेंबरात विभागीय परिषदेत निबंध वाचता येतो. आसपासच्या सगळ्या कॉलेजांची मुलं येतात, समोर परीक्षक बसतात, गळ्यात नावाचं कार्ड असतं. गेल्या वर्षी मी तिथं पाण्याच्या बाटल्या वाटत होते आणि मनात म्हणत होते, पुढच्या वेळी बाटली माझ्यासमोर ठेवतील.

माझा विषय आहे, 'परघरी राहून देखभालीचे काम करणाऱ्या आशियाई स्त्रिया व त्यांचे परतीविषयीचे विचार'. नाव सरांनी दिलंय, म्हणून असं कडक इस्त्रीचं आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर, या बायकांना घरी परतायचंय का? इथं बागेशेजारच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी अशा कितीतरी जणी येऊन बसतात, कुठल्या कुठल्या देशांतल्या. मी आणि चष्मिश तिथं जाऊन त्यांच्याशी बोलतो. चष्मिश म्हणजे माझा जोडीदार. निबंधातला. लगेच कान टवकारू नकोस.

आणि तू घर सोडून तिकडे तेच काम करतेस, तर तुझं उत्तर नको? फक्त एक अडचण आहे. नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, असा सरांचा नियम आहे. नातं मधे आलं की माणूस खरं बोलत नाही म्हणे. पण आम्ही सगळ्यांनाच नावाऐवजी क्रमांक देतो, तेव्हा सरांना काय कळतंय! नियमाचा मान राखायचा म्हणून प्रश्नांत मी तुला 'आपण' म्हटलंय. प्रश्न सोबत आहेत.

तुझा करार नोव्हेंबरात संपतोय ना? म्हणजे परिषदेला तू इथंच असशील. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवते. अर्थात जमत नसेल तर राहू दे. इथं सगळं ठीक चाललंय, काळजी करू नकोस.

तुझी,
ठकू


२४ जुलै

चिरंजीव ठकू,

पाकीट बघितलं आणि हातातलं काम टाकून ते फोडलं. मग तुझं पहिलं वाक्य वाचलं, जीव भांड्यात पडला, आणि मग इतकी हसले की म्हातारी विचारायला लागली, काय झालं. म्हटलं, माझी लेक मला 'आपण' म्हणते. ती म्हणाली, बरोबर आहे, मोठ्यांना म्हणावंच.

आता तुझे प्रश्न. 'आपण सकाळी केव्हा उठता?' म्हातारी उठते तेव्हा. 'आपल्या कामाचे स्वरूप काय?' म्हातारीला उठवणं, धुणं, भरवणं, फिरवणं आणि उशाखाली लपवलेली बिस्किटं तिच्या नकळत काढणं. संध्याकाळी मालकीणबाईंना कामावर निरोप पाठवायचा असतो: नाश्ता झाला, गोळ्या दिल्या, तक्रार नाही. रोज हेच शब्द. हल्ली ते बोटं आपणहून लिहितात.

'आपणांस घरी परतायचे आहे काय?' अगं बाई, म्हातारी हाक मारतेय, हा राहिला.

हा चष्मिश कोण? नीट जेवतो का? त्याच्या घरी कोण कोण असतं? हे माझं संशोधन.

कराराचं बघू. तू त्यात डोकं घालू नकोस, अभ्यास कर. उन्हात त्या पायऱ्यांवर बसतेस तर डोक्याला काहीतरी बांध.

तुझी,
आई


११ ऑगस्ट

आदरणीय प्रतिसादक क्रमांक सतरा,

आपले पत्र मिळाले. आपण एकाही प्रश्नाचे धड उत्तर दिलेले नाही, याची संशोधकांनी नोंद घेतली आहे.

आई, गंमत पुरे हं. मी तुला आधीच सांगते, तू शब्दांची चोर आहेस. पायऱ्यांवरच्या परक्या बायका माझ्याशी तुझ्यापेक्षा जास्त बोलतात, आणि त्यांना माझी भाषा अर्धीमुर्धीच येते! परवा एकीला विचारलं, परतायचंय का. तिनं फोन काढला आणि एका घराचा फोटो दाखवला. गावाकडे बांधलंय म्हणे. दाराचा रंग तिनं इथं बसून निवडलाय. मी विचारलं, राहायला कधी जाणार? ती नुसती फोटो मोठा करून दाराची कडी दाखवत राहिली. चष्मिशनं वहीत लिहिलं, 'उत्तर दिले नाही'. मी त्याला कोपर मारलं. म्हटलं, अरे गाढवा, हेच उत्तर आहे. तो म्हणाला, उत्तर ते आहे जे कागदावर येतं. आमचं दिवसभर यावरून वाजलं.

(जेवतो. डबल जेवतो. घरी आई, बाबा, आजी आणि एक आगाऊ बहीण. झालं समाधान?)

मावशीनं तुझी खोली मोकळी करायला घेतलीय. तुझ्या कपाटात माझी जुनी पुस्तकं कोंबलेली होती, ती मी काढली. पडदे धुतले. काका भिंतीला रंग द्यायचा म्हणताहेत, पण काका म्हणणार आणि मावशी देणार हे तुला ठाऊक आहे.

प्रश्न पुन्हा पाठवतेय. तीनच. आपण जिथं झोपता ती जागा कशी आहे? आपणांस कशाची आठवण येते? आपणांस घरी परतायचे आहे काय? हाक मारणाऱ्या म्हातारीला दोन बिस्किटं दे आणि लिही. खूप काम असेल तर राहू दे, इथं काही अडलेलं नाही.

ठकू


३० ऑगस्ट

संशोधक बाईसाहेबांस,

घ्या उत्तरं. म्हातारी झोपलीय, मालकीणबाई कामावर, घरात माझंच राज्य.

मी झोपते ती खोली स्वयंपाकघराला लागून आहे. पलंग, कपाट आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. तिथं एक माणूस रोज कपडे वाळत घालतो, आणि इतके वेडेवाकडे घालतो की मला जाऊन नीट करावेसे वाटतात. खिडकीच्या कट्ट्यावर माझी उशी बरोबर मावते, दुपारी मी तिथं टेकते. त्या कट्ट्यावर कुणी काही ठेवत नाही. मालकीणबाईंनी एकदा फुलदाणी ठेवली होती, म्हातारीनं स्वतः उचलून बाजूला केली. म्हणाली, ही तिची जागा आहे.

आठवण कशाची येते? सकाळी आठवण यायला फुरसत नसते. म्हातारी डोळे उघडते आणि रोज पहिलं विचारते, 'तू कुठे होतीस?' मी असते शेजारच्या खोलीत. पण तिला वाटतं मी फार दिवसांनी आलेय. मग ती माझा हात धरते, थोडी रागावते, थोडी खूश होते. तिला काही लक्षात राहत नाही, तिच्या मुलीचं नावसुद्धा मधूनच सुटतं. मला मात्र विसरत नाही. मागच्या महिन्यात मी एक दिवस तापानं पडले तर तिनं ताटाला हात लावला नाही. मालकीणबाईंनी किती मनधरणी केली, तोंड मिटून बसली.

परतायचे आहे काय? घरी देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे. मुलगी हुशार आहे, बहीण जिवापाड करते. माझ्यावाचून तिथं कुणाचं काही अडत नाही, याहून मोठं सुख आईला काय असतं? इथलं काम मला येतं. माणसाला आपलं काम येत असलेलं बरं.

एवढं पुरे की अजून हवं? खोलीला रंग देऊ नका, उगाच खर्च.

तुझी,
प्रतिसादक क्रमांक सतरा


२० सप्टेंबर

प्रिय आई,

आधी बातमी: निबंधाचा आराखडा स्वीकारला!!! सरांनी वर्गात आमची नावं वाचली आणि चष्मिशनं बाकावरच उडी मारली, त्याचा चष्मा पुढच्या मुलीच्या पाठीवर पडला. आम्ही डिसेंबरात व्यासपीठावर! मावशी तिचा निळा कुर्ता देणार आहे. मी आरशासमोर तालीम करते, आणि काका मागे उभे राहून परीक्षकासारखे खाकरतात.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. 'माझ्यावाचून अडत नाही' हे ऐकलं आणि ती भांडी घासायच्या निमित्तानं आत गेली. किती धीराची तू! एवढं सगळं सोसतेस आणि उलट आम्हालाच धीर देतेस. मी पायऱ्यांवरच्या बायकांची इतकी उत्तरं वाचली, पण तुझ्याइतकं घर कुणाच्याच उत्तरात नाही.

आता पुढची पायरी आहे ढीग लावण्याची. सगळी उत्तरं एकानं वाचायची आणि तीन ढीग करायचे: परतायचंय, परतायचं नाही, सांगता येत नाही. ज्यानं मुलाखत घेतली त्यानं ढीग लावायचा नाही, नाहीतर तो आपल्या मनातलं त्यात घालतो. म्हणून माझ्या मुलाखती चष्मिशकडे, त्याच्या माझ्याकडे. तुझी उत्तरं मी स्वच्छ उतरवून वर फक्त 'सतरा' लिहून दिलीत. त्याला काही पत्ता नाही.

विमानाचं तिकीट कधीचं काढतेस? मावशीला सुट्टी टाकायची आहे तुला आणायला. नसेल जमत तर नंतर ये, काही हरकत नाही.

ठकू


८ ऑक्टोबर

आई,

चष्मिशनं तुला दुसऱ्या ढिगात टाकलंय. परतायचं नाही.

मला वाटलं कागद इकडेतिकडे झाला. मी तो उचलून पहिल्या ढिगात ठेवला. त्यानं परत काढला. म्हणाला, असं करायचं नाही, कारण सांग. म्हटलं, ही बाई आठवणीनं झुरतेय, तुला दिसत नाही? तो म्हणाला, दाखव कुठे. मी कागद हातात घेतला आणि शोधत बसले, आणि आई, मला सापडेना. खिडकी सापडली, उशी सापडली, तो वेडेवाकडे कपडे घालणारा माणूस सापडला. तो म्हणाला, ही जिथं राहते तिथलं सगळं हिनं सांगितलंय आणि घराचं फक्त 'ठीक आहे' लिहिलंय. घरची एक वस्तू नाही यात. एक खुर्चीसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, तू दगड आहेस, आणि उठून आले.

तो दगडच आहे ना? त्याला तू माहीत नाहीस. त्याला काय माहीत तू फोन ठेवताना कशी अडखळतेस. त्याचं चुकलंय, एवढं मला लिही. लांबलचक नको. एका ओळीत लिही.

आणि तिकीट काढलंस का ते लिही. रविवारी मी विचारलं तर तू म्हणालीस, म्हातारी बोलावतेय. मागून कुणाचाच आवाज येत नव्हता.


२६ ऑक्टोबर

चिरंजीव ठकू,

चष्मिशचं चुकलेलं नाही.

एक ओळ मागितलीस, ती ही. पण एवढंच लिहून पाकीट चिकटवायला हात धजेना, म्हणून पुढचं लिहिते. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

करारावर मी मार्चमध्येच पुन्हा सही केलीय. आणखी दोन वर्षं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सही होऊन गेली होती. ती पहिल्या रांगेतली खुर्ची वाचली आणि माझी दातखीळच बसली. मग 'बघू' लिहीत राहिले. तू खोलीचे पडदे धुतलेस हे वाचलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, पण तेव्हाही लिहवलं नाही.

गेल्या वर्षी मी सुट्टीवर आले होते ना? पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर साखर कुठे ठेवता ते मला माहीत नाही. एकेक डबा उघडून बघत होते. तू आलीस, हसलीस आणि म्हणालीस, 'आई, तू बस ना, मी देते चहा. साखर चालते ना तुला?' यात तुझं काही चुकलं नाही गं. किती प्रेमानं म्हणालीस! पण पाहुण्यांना आपण असंच प्रेमानं विचारतो. मी गुपचूप जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. घरात कोण आधी आंघोळीला जाणार, कोण भाजी आणणार, सगळं लागलेलं. माझी आंघोळ मधे कुठे बसवायची यावर मावशी आणि काका हळू आवाजात बोलत होते. महिनाभर तुम्ही मला तळहातावर ठेवलंत. आणि मी गेल्यावर घरानं सुटकेचा श्वास टाकला असेल, असं मला विमानात बसल्या बसल्या वाटलं. वाटलं ते लिहिलं. खरं असेल असं नाही.

इथं माझ्या हातून घास खाल्ल्याशिवाय एक माणूस जेवत नाही. ते माणूस माझं कुणी नाही, हेही मला कळतं.

तू दरवेळी लिहितेस, राहू दे, सगळं ठीक आहे. ते वाचून मला खरंच बरं वाटतं, पोरगी मार्गाला लागली. आणि मग वाटतं, मग मी तिथं जाऊन करू काय? तुम्हाला चहा कुठला आवडतो ते शिकू?

आठवण येत नाही असं मात्र तुझ्या चष्मिशनं समजू नये. बसथांब्यावर शाळेच्या मुली उभ्या असल्या की मी उगाच त्यांच्या वेण्या बघते. तुझी वेणी मी शेवटची घातली तेव्हा तू सातवीत होतीस. तुझे बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष, दुसऱ्या दिवशी मी निघाले. तू केस कापलेस ते मला फोटोतून कळलं. छान दिसतात. पण मला त्या वेणीचा हाताला लागणारा जाडपणा अजून आठवतो, आणि तो कुणाला सांगायचा ते कळत नाही. ते काही कागदावर आलं नाही, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मी रोजच्यासारखंच लिहिलं. तक्रार नाही.

मला त्या ढिगातून हलवू नकोस. मुलानं काम प्रामाणिकपणे केलंय.

आई


१६ डिसेंबर

आई,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रविवारी फोन वाजला की मी मावशीच्या हातात देऊन गच्चीवर जायचे. तू विचारायचीस, ठकू कुठेय, आणि मावशी सांगायची, अभ्यास करतेय. सगळं खोटं होतं. मी गच्चीवर नुसती बसलेली असायचे आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

परिषद परवा झाली.

त्याआधी मी सरांकडे गेले आणि सांगून टाकलं की सतरा क्रमांक माझी आई आहे. मला वाटलं आता निबंधच रद्द होणार. ते काही वेळ पेनचं टोपण उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, काढून टाका, आकडे पुन्हा मांडा. मी दारापर्यंत पोचले तेव्हा म्हणाले, नियम कशासाठी होता ते कळलं ना? म्हटलं, हो सर. चष्मिशला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी बोलताना दर वाक्यानंतर सॉरी म्हणायचा. शेवटी मी त्याला बदडलं.

तर तू आता निबंधात नाहीस.

सभागृह भरलेलं होतं. समोर पाण्याची बाटली होती, गळ्यात कार्ड होतं, मावशीचा निळा कुर्ता होता. पहिल्या रांगेत मावशी, काका, आणि मधे एक खुर्ची. मी काही सांगितलं नव्हतं, मावशीनंच तिच्यावर पर्स ठेवून धरली होती. कुणी बसायला आलं की ती म्हणायची, येणारेत. मी वरून ते बघत होते आणि वाचत होते. वाचलं मात्र छान! एकदाही अडखळले नाही. टाळ्या पडल्या.

मग प्रश्न. परीक्षकांत पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, आधीच्या सगळ्या मुलांना त्यांनी सोलून काढलं होतं. माझ्याशी मात्र अगदी मऊ बोलल्या. म्हणाल्या, 'तुम्ही या बायकांना विचारलंत, तुम्हाला परतायचंय का. छान केलंत. पण त्यांच्या घरच्यांना विचारलंत का, तुम्ही हिला बोलावलंय का?'

मी तोंड उघडलं आणि आतून काही येईचना. चष्मिश माझ्या मदतीला धावला, म्हणाला, हा पुढील अभ्यासाचा विषय आहे. सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत, माझ्याकडेच बघत राहिल्या. मी म्हटलं, 'नाही. विचारलं नाही.' आणि माझा आवाज फुटला. मावशी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. बक्षीस दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना मिळालं, जुन्या बंदरांच्या नकाशांवर त्यांनी खरंच सुरेख काम केलंय.

आई, घरी येऊन मी माझी सगळी पत्रं आठवून बघितली. मी तुला खुर्ची धरते म्हटलं, कार्यक्रमाला ये म्हटलं, आणि लगेच पुढे राहू दे म्हटलं. इतक्या वर्षांत मी तुला एकदाही घरी बोलावलं नाही. मला वाटायचं मी समजूतदारपणा करतेय. तुझ्यावर ओझं नको. लहानपणी तू निघालीस तेव्हा सगळे मला म्हणाले होते, रडायचं नाही हं, आईला त्रास होईल. मी अजून रडत नव्हते, एवढंच.

तर आता ऐक. इथं सगळं ठीक नाही. ताप आला की मी मावशीला हाक मारत नाही, ती दिवसभर राबून आलेली असते. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. चांगलं काही झालं की आधी तुला सांगावंसं वाटतं आणि रविवारपर्यंत ते शिळं होतं. पुढच्या वर्षी मला नोकरी लागेल आणि मी कुठल्यातरी भलत्याच गावी जाईन. मग तू येशील आणि मी नसेन. आपण दोघी एका घरात कधी राहणार गं? माझ्याकडे तेवढं एकच वर्ष उरलंय.

साखर कुठे ठेवतो ते तुला माहीत नाही ना? मग ये आणि तुला हवी तिथं ठेव. आम्ही शोधू. आंघोळीला सगळ्यांच्या आधी घूस आणि गरम पाणी संपव. मावशीशी भांड. माझ्यावर ओरड. मला पाहुणी नको आहे, मला तू हवी आहेस. सुट्टीला नाही. कायमची.

मी तुला बोलावतेय. ये.

ठकू


९ जानेवारी

ठकू,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं. आजपर्यंत माझं दूध कधी उतू गेलं नव्हतं.

मालकीणबाई कामावरून आल्या तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला करार मोडायचाय. त्यांना वाटलं पगाराचं आहे, म्हणाल्या, बसून बोलू. मी म्हटलं, पगाराचं नाही. 'मग काय झालं? आईनं काही त्रास दिला का?' म्हटलं, नाही. 'मग?' म्हटलं, माझ्या मुलीनं बोलावलंय.

ठकू, हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं. बोलल्यावर मला माझीच ऐट वाटली. त्या म्हणाल्या, असं अचानक? म्हटलं, हो, अचानकच बोलावलं तिनं.

त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग रडल्या. म्हणाल्या, माझी आई मला ओळखत नाही, तुम्हाला ओळखते, आता मी काय करू? मी त्यांना पाणी दिलं आणि दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मार्चमध्ये नवी बाई येईल. तिला सगळं शिकवून द्यायला महिना लागेल. म्हणजे एप्रिलमध्ये मी तिथं. मावशीला सांग, सुट्टी आत्ता टाकू नको म्हणावं, तारीख कळवते. आणि त्या चष्मिशला जेवायला बोलाव, मला त्याच्याशी बोलायचंय.

म्हातारीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिला फसवून निघून जायचं माझ्यानं होणार नाही. ती उठली, नेहमीसारखं 'तू कुठे होतीस' झालं, माझा हात धरला. मी म्हटलं, आजी, मी आता घरी जाणार आहे, माझ्या मुलीकडे. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, 'जा, जा. मुलगी लहान असेल.'

मी म्हटलं, हो आजी, लहान आहे.

दुसऱ्या दिवशी ती ते विसरली. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोज सकाळी मी तिला नव्यानं सांगते आणि ती रोज नव्यानं ऐकते, डोळे मोठे करून. रोज म्हणते, जा, मुलगी लहान असेल, वाट बघत असेल. आणि रोज, हे म्हणत असताना, माझा हात काही सोडत नाही.

तुझी,
आई